नांदेडहून परतीचं उड्डाण

अमरावती ते नांदेड विमानाला किती वेळ लागतो, असं तुम्ही मघाशी सहज विचारलंत.

नकाशावर सरळ रेघ ओढली तर दोन्ही धावपट्ट्यांमधलं अंतर एकशे नव्वद किलोमीटरच्या आत-बाहेर भरतं. गाडीनं जायचं तर कारंजा, मानोरा, पुसद, उमरखेड... घाट, गतिरोधक, उसाच्या ट्रॉल्या, सगळं धरून पाच-सहा तास. मोठं विमान असतं तर नीट चढायच्या आतच उतरायला लागलं असतं. मी ज्यात शिकले त्या एका पंख्याच्या, चार खुर्च्यांच्या विमानाला, वारा बरा असेल तर, तासभर लागतो.

मला जाताना तासभरच लागला. येताना किती लागला ते अजूनही नीट सांगता येत नाही.

लाइट येईपर्यंत बसा. त्या छोट्या दिव्याचा उजेड पुरे आहे. जे सांगणार आहे ते तसं भर उजेडातच घडलं.

मी कामरगावची. बाबा, म्हणजे भिवाजी, कारंज्याला डेपोत मेकॅनिक. आई बेबीताई अंगणवाडीत. गावाबाहेर पडून पांदणीनं थोडं चाललं की बंजारा लोकांचा एक तांडा लागतो. तिथली रंजीता शाळेत माझ्या बाकावर बसायची. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की मास्तरही दचकायचे. तिला एक खोड होती. कोणतंही वाहन दिसलं की ते कुठून निघालं, कुठे चाललं, हे तिला कळायलाच हवं असायचं. एसटी असो, जीप असो, नाहीतर आकाशात पांढरी रेघ ओढत जाणारं विमान असो.

तिची आई रुपाबाई भरतकामाला हुशार. जुन्या घागऱ्यावरून निखळलेल्या आरशाच्या टिकल्या रंजीताच्या खिशात असायच्या. विमान दिसलं की आम्ही दोघी बांधावर उभं राहून आरशानं ऊन विमानावर पाडायचो. एवढ्या उंचीवर काय पोचणार! पण ती हटून बसायची.

"पुनी, हे कुठी जाऊन राह्यलं व?"

"नांदेडले जात असन." मी काहीही ठोकून द्यायची.

"नांदेडले? किती टाइम लागते मंग?"

"लागत असन अर्धा घंटा."

ती हसायची. "आमाले तं दोन दिवस लागते बाप्पा. ट्रकात. अन् सारे तांडे घेत घेत जाते थो ट्रक."

दर दिवाळीनंतर तांडा रिकामा व्हायचा. ऊसतोडीला. म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी मागे राहायची. रंजीता होळीला परत यायची, बुडालेल्या शाळेसकट, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे घेऊन. आम्ही नववीत असताना मात्र होळीला ट्रक आला आणि त्यातून तिचा बाप हेमसिंग आणि रुपाबाई, दोघंच उतरले.

नांदेडकडच्या एका शेतात, पाचटाच्या कोपीत, तिला ताप भरला होता. दवाखान्यात नेता नेता गेली. कुवारी पोर, म्हणून जाळली नाही, उसाच्या धुऱ्यावर, बांधाच्या मातीत, पुरली. हंगाम संपायचा होता. आईबाप तिथंच ऊस तोडत राहिले.

हेमसिंग नंतरही जात राहिला. रुपाबाई पुन्हा कधी गेली नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "पोट्टी आली तं घरी कोनी पायजे ना."

लोक म्हणायचे, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मला तेव्हाही तसं वाटलं नव्हतं. आपण कुणाची वाट पाहतो तेव्हा ते माणूस येण्यासारखं आहे की नाही याचा हिशेब कुठे करतो?

असो. मी पुढे शिकले आणि फिरतफिरत विमान चालवण्याच्या प्रशिक्षणाला लागले. त्यात एक टप्पा असतो. आपल्या विमानतळावरून एकटीनं निघायचं, दुसऱ्या विमानतळावर उतरायचं आणि परत यायचं. शेजारी शिकवणारं कोणी नाही. माझ्या वाट्याला अमरावती ते नांदेड हा मार्ग आला. हे उड्डाण बिघडलं तर पुढचं प्रशिक्षण थांबतं, कधी कधी कायमचं.

फेब्रुवारीचे दिवस होते. आमच्या विजयमाला मॅडम कमी बोलायच्या. त्या सकाळी त्यांनी नकाशावरच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"समृद्धी महामार्ग ओलांडशील. मग अडाण धरण. मग पोहरादेवी. पुसदचे डोंगर संपले की इसापूरचं पाणी. पाणी मागे गेलं की नांदेड आलंच. तुझं गाव वाटेत लागतं ना?"

"रेघेच्या थोडं पश्चिमेला आहे, मॅडम."

"मग लांबूनच बघ. रेघ सोडायची नाही."

आईला आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं. ती म्हणाली, "मी गच्चीवर उभी राहीन. तू हात हालवजो. दिसन का नाही, थे जाऊ दे."

विमान सुरळीत उठलं. एकटं असलं की ते हलकं असतं, नाक चटकन वर घेतं. खाली तुरीची कापलेली शेतं, हरभऱ्याचे हिरवे तुकडे, महामार्गाची पांढरट पट्टी. उजवीकडे लांब आमचं गाव दिसलं, मूठभर पत्रे आणि एक टाकी. आई कुठे दिसणार? तरी मी हात हलवला. त्याच्या अलीकडे तांड्याची दहा-पंधरा घरं. वरून पाहताना पहिल्यांदा जाणवलं की ज्या पांदणीनं चालत चालत आमचं अख्खं बालपण गेलं, ती माझ्या करंगळीखाली झाकली जात होती. वर गेलं की अंतरं खोटी वाटायला लागतात. खाली ती तशीच खरी असतात.

पुसदचे डोंगर गेले, इसापूरचं पाणी गेलं. आता खाली ऊस होता. हिरवा, दाट, मधेमधे तोडून रिकामा झालेला.

तिथं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांवर तिरीप आली.

खालून कोणीतरी आरसा चमकवावा तशी. मला हसूच आलं. उसाच्या फडात कोणाची तरी पोरं खेळत असणार. मान थोडी वळवली तरी ती तिरीप नेमकी डोळ्यावर. विमानाचा वेग तासाला दोनशेच्या जवळ असतो, खालची जागा मागे पडायला हवी. ती पडत नव्हती. मी उतरण्यासाठी डावीकडे मोठं वळण घेतलं, तरी ती वळणासोबत फिरत राहिली.

मी खाली नीट पाहिलं. एक तोडलेलं शेत, त्याच्या धुऱ्यावर एक बाभूळ, आणि बाभळीच्या बुडाशी तो चमकता ठिपका. माणूस नाही. कोपी नाही. तेवढ्यात लक्षात आलं की त्या वेळी सूर्य ढगाआड होता. खालच्या सगळ्या शेतावर सावली होती... आणि चमकत तेवढं तेच होतं.

विमान उतरवताना दुसरा विचार करायला जागा नसते, हे बरंच. चाकं टेकली. नांदेडच्या माणसांनी इंधन भरून दिलं, कागदावर शिक्का दिला. मी मॅडमना फोन करून पोचल्याचं सांगितलं. मग आईला लावला.

"पाह्यलं तुयं इमान!" आई आनंदात होती. "तुया बाबाले फोन करून सांगतलं मी. दिसलं का घर?"

"दिसलं. आई... रंजीताले कुठी पुरलं होतं व?"



"काहून इचारून राह्यली?"

"असंच."

"असं एकटं असतांनी असं काही इचारू नोको." मग थोड्या वेळानं, आवाज उतरवून ती म्हणाली, "हेमसिंग सांगे, नांदेडच्या अलीकडं कुठी तरी. बाभळीखाली. रातच्यानं तिथून इमानतळाचे लाइट दिसत होते म्हने."

माझ्या हातातला पाण्याचा ग्लास मी खाली ठेवला. भीती वाटली असं नाही. शाळेतल्या कोणी खूप वर्षांनी हाक मारावी आणि ओळख पटायच्या आतच आपण वळून पाहावं, तसं झालं. मनात आलं, हेच ते अंतर. ती जिथं पुरली आहे तिथून तिच्या आईच्या दारापर्यंत. आज मी ते तासाभरात ओलांडणार, आणि तिला इतकी वर्षं ते ओलांडता आलेलं नाही.

दुपार कलायला लागली तशी मी निघाले.

निघण्याआधी नियमाप्रमाणे सगळं तपासलं. शेजारची खुर्ची रिकामी. मागच्या दोन्ही रिकाम्या, त्यांचे पट्टे आवळून बांधलेले, कारण सुटा पट्टा हवेत इकडेतिकडे आपटतो. दारं बंद. धावपट्टीवर वेग घेतला आणि पहिली गोष्ट खटकली. विमान उठेना. सकाळी जेवढ्या धावेत ते हलकेच वर आलं होतं, ती जागा मागे गेली, धावपट्टीचा शेवट दिसायला लागला, तेव्हा कुठे चाकं सुटली. आणि सुटल्यावर शेपूट जड. मागे कोणी बसलं असलं की विमान कसं मागे झुकतं, ते आम्हाला शिकवलेलं असतं. तोल सांभाळायचं छोटं चाक मी पुढे फिरवत राहिले.

टाक्या भरल्या आहेत म्हणून असेल, असं मी स्वतःला सांगितलं. सकाळीही त्या भरलेल्याच होत्या.

वर गेल्यावर ती बाभूळ शोधली. दिसली. आता तिच्याखाली काहीच चमकत नव्हतं.

मग वास आला. आधी वाटलं इंजिनाचा. पण तो जळक्या पाचटाचा होता, फड पेटवल्यावर येतो तसा, आणि त्यात ताज्या रसाचा गोडसर वास. पाच हजार फुटांवर, बंद काचेच्या आत. आणि समोर, उंची दाखवणाऱ्या घड्याळाच्या काचेवर, नखाएवढा एक उजेडाचा ठिपका उभा राहिला.

सूर्य माझ्या डाव्या हाताला होता. ठिपका येत होता उजव्या खांद्यामागून.

तो हळूहळू सरकला. वेगाच्या काट्यावर गेला, थांबला. दिशा दाखवणाऱ्या तबकडीवर गेला, थांबला. एकेका घड्याळापाशी, जणू कोणी बघत होतं, हे काय, ते काय. त्यात घाई नव्हती. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहता आलं नाही असं नव्हे. मी ठरवून पाहिलं नाही. मान समोर, हात चाकावर. हात गारठले होते, पण काम करत होते.

इसापूरचं पाणी समोर आलं. आलं आणि तिथंच राहिलं.

तुम्ही रस्त्यावर असता, एखादा डोंगर लांब दिसतो, बराच वेळ जवळ येत नाही, तसं म्हणाल. तसं नव्हतं. काटा वेग बरोबर दाखवत होता. इंजिनाचा आवाज बरोबर होता. पाठीमागून वारा होता, म्हणजे सकाळपेक्षा लवकरच पोचायला हवं. पण खाली तोच काठ, तीच एक होडी, पाण्यात घुसलेली जमिनीची तीच जीभ. मी इकडेतिकडे पाहून पुन्हा खाली पाहिलं, पुन्हा तीच होडी. ऊन तिरपं व्हायला लागलं. म्हणजे वेळ जात होता... फक्त आम्ही जात नव्हतो.

हो, मी मनात 'आम्ही' असंच म्हटलं.

त्या पट्ट्यात रेडिओवर सहसा कोणी नसतं. कानात नुसती खरखर होती. त्या खरखरीत कोणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं. मग एकच शब्द. हळू, तापात पडलेल्या पोरीसारखा.

"याडी..."

बंजारा घरात आईला याडी म्हणतात. लहानपणी मी तो शब्द हजारदा ऐकला होता, तांड्याच्या दाराशी, दप्तर फेकता फेकता मारलेल्या हाकेत.

पुन्हा आला. "याडी... किती टाइम..."

माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी पाठीच्या कण्यातून काहीतरी थंड उतरत गेलं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं. घाबरून उपयोग नव्हता. विमान माझ्या एकटीच्या हातात होतं, खाली पाणी होतं, आणि असंच थांबून राहिलो तर पुढे अंधार होता. बाहेर कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी रेडिओच्या बटणावरचं बोट काढलं आणि साध्या आवाजात, आपल्या बोलीत बोलले.

"रंजीता... कायले हात नोको लावू. नुसती बस. घरी जाऊन राह्यलो आपन. तुयाच घरी."

ठिपका थरथरला.

"लय दूर नाही आता. थे पाह्य, पाणी गेलं की डोंगर. डोंगर गेले की पोहरादेवी. तिथून तुले तांडा कुठी हाय, थे मी कायले सांगू? तुलेच मालूम."

आणि होडी मागे गेली. एवढंच झालं. काठ सरकला, पाणी सरकलं, डोंगर पुढे आले. मी बोलत राहिले, कारण बोलणं थांबवलं तर पुन्हा सगळं थांबेल असं वाटत होतं. काय वाटेल ते बोलले. शाळेचं छप्पर नवं झालं, चिंचेचं झाड पडलं, मास्तर बदलून गेले. पोहरादेवीचं, बंजारा लोकांच्या तीर्थाचं, पांढरं बांधकाम खालून गेलं तेव्हा ठिपका काचेवर बराच वेळ स्थिर होता.

अडाणच्या अलीकडे मी रेघ सोडली.

एकटीच्या उड्डाणात ठरवलेली रेघ सोडणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. सोडली. नाक डावीकडे वळवून तांड्यावर गेले, जेवढं खाली येणं नियमात बसतं तेवढी आले. घरं मोठी झाली. कोंबड्या, वाळत घातलेले कपडे, आणि एका दारापुढे लुगड्याचा लाल ठिपका. एक बाई मान वर करून उभी होती. बाकीचा तांडा आपापल्या कामात होता. ती मात्र आधीपासून उभी असल्यासारखी उभी होती.

"आलं घर," मी म्हटलं.

ठिपका घड्याळावरून सुटला. माझ्या मनगटावरून गेला. ऊब नाही, थंडी नाही. पण तिथले केस उभे राहिले. मग दाराच्या काचेवर चढला आणि नाहीसा झाला. विमानानं एकदम शेपूट उचललं, नाक खाली गेलं, मला तोलाचं चाक मागे फिरवावं लागलं. पाचटाचा वास विरला. खाली त्या दारापुढे एक क्षण काहीतरी लखकन चमकलं.

मी रडले की हसले, आठवत नाही. हलकं वाटत होतं, एवढं आठवतं.

अमरावतीला उतरले तेव्हा सूर्य जमिनीला टेकला होता. मॅडम विमानाच्या दिशेनं जवळजवळ धावतच आल्या. टॉवर मला कधीपासून बोलावत होता, नांदेडला फोन झाले होते, शोधायला कोणाला पाठवायचं याची बोलणी चालू होती.

"तासाभराचं अंतर आहे हे," मॅडम म्हणाल्या. "वारा मागून होता. तू होतीस कुठे?"

"धुरकट होतं, मॅडम. वाट चुकले."

त्यांनी टाक्यांत मोजपट्टी घालून इंधन पाहिलं. एकदा पाहिलं, पुसून पुन्हा पाहिलं. जेमतेम तासभर उडावं तेवढंच खर्च झालं होतं. त्या मोजपट्टीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते उड्डाण त्यांनी मला पुन्हा करायला लावलं, पण प्रशिक्षण थांबवलं नाही. का थांबवलं नाही, हे मी कधी विचारलं नाही.

विमान बांधून ठेवताना मी मागे डोकावले. मागच्या एका खुर्चीचा पट्टा सुटून लोंबत होता. दुसरीचा तसाच बांधलेला होता.

चार-पाच दिवसांनी सुट्टी घेऊन कामरगावला गेले. आईला सगळं सांगितलं. माझी आई बुद्धवंदना करणारी, अंगात येणं, भूतखेत यांना हसणारी बाई. ती हसली नाही. म्हणाली, "चाल. रुपाबाईले भेटून येऊ."

बाबा ड्युटीवर होते. घराला कुलूप घालून, किल्ली कनवटीला लावून आई निघाली. पांदणीनं चालताना ती मध्येच म्हणाली, "मी त्या बाईले इतके वर्सं समजावत होती, का आता इसर. माहं चुकलंच."

रुपाबाई दारातच बसली होती. तिच्या पुढ्यात नवं कापड होतं आणि सुई. इतक्या वर्षांनी ती भरायला बसली होती. मला पाहून तिनं कापड बाजूला केलं.

"ये पोरी. मले मालूम होतं, तू येशीन."

मी तिच्यापुढे बसले. कसं सुरू करावं कळेना. तिनंच सुरू केलं, अगदी साधं, काल पाहुणी आली होती असं सांगावं तसं.

"आली होती. आत नाही आली. थ्या कवाडाच्या भाईर उभी राह्यली अन् बोलली. आवाज तिचाच. म्हने, याडी, लय दमली मी. मी म्हनलं, ये, भाकर खाय. तं म्हने, नाही, झोपतो आता." रुपाबाईनं पदरानं डोळे पुसले, पण चेहरा शांत होता. खूप दिवस दुखत असलेला दात पडल्यावर होतो तसा. "पुनी, तुयं लय भलं होईन. तू माही पोट्टी घरी आनून देल्ली."

आईनं तिचा हात हातात घेतला. शेळ्यांचे आवाज येत होते. मला वाटलं, चला, एका माणसाचं तरी अंतर संपलं.

निघताना रुपाबाईनं मला थांबवलं. आई दोन पावलं पुढे गेली होती, तीही वळली.

"एक सांगू का नोको, मले समजून नाही राह्यलं," रुपाबाई म्हणाली. "रंजीता अजून एक बोलली."

"काय?"

"म्हने, याडी, पुनीच्या मांगं आमी दोघं होतो."

मी वळून आईकडे पाहिलं.

"मी उतरली, म्हने. थो नाही उतरला."

"थो... कोण?" आईनं विचारलं.

"तिले नाही मालूम. तिच्या आंधीच बसेल होता म्हने थो. तिनं तिकडं पाह्यलं नाही." रुपाबाईचा आवाज अगदी खाली आला. "सारा रस्ताभर एकच इचारत होता म्हने. नांदेडचं नाही, अमरावतीचं नाही. कामरगाव कवा येते... कामरगाव कवा येते..."

परत येताना आई भरभर चालत होती. तिनं माझं मनगट धरलं होतं, लहानपणी बाजारात धरायची तसं. ऊन होतं, रस्त्यावर माणसं होती, कोणीतरी आईला जय भीम घातला, तिनं नुसती मान हलवली. घरापाशी आलो. तिनं कनवटीची किल्ली काढली. कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली फिरली, कुलूप निघालं, आईनं ते हातात घेतलं आणि दार ढकललं.

दार उघडलं नाही.

तिनं पुन्हा ढकललं. मग माझ्याकडे पाहिलं. आमच्या घराला दुसरं दार नाही.

आतून कडी लावलेली होती.